वाडीचा पूर, पंचगंगेची मळी आणि कार्बनचे राजकारण

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पावसाळ्यात नदी आत येते. कृष्णा आणि पंचगंगा यांचे पाणी घाट चढून उत्तरेकडून शिरते, मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दारात स्नान करण्याचे माहात्म्य मोठे. पाणी वाढत असताना होतो तो चढता दक्षिणद्वार सोहळा, ओसरताना होतो तो उतरता. पाणी त्याहून वर गेले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. पुराला नुसते न घाबरता त्याला उत्सवात जागा देणारी अशी ठिकाणे महाराष्ट्रात थोडीच आहेत.

अलीकडे मात्र या सोहळ्याचा एक नवाच उपयोग होऊ लागला आहे. 'यंदाचा हा कितवा दक्षिणद्वार' ही मोजणी बातम्यांत येते आणि तिच्या आधाराने दोन उलट निष्कर्ष काढले जातात. एक पक्ष म्हणतो, बघा, पाणी वारंवार येऊ लागले, हवामान बदलले. दुसरा म्हणतो, पूर आजोबा-पणजोबांच्या काळीही येत होते, म्हणून तर सोहळा आहे. हवामानबदल ही परदेशी लोकांनी लावून दिलेली भीती. दोघांचीही चूक एकच आहे. मंदिराचा उंबरठा हे पर्जन्यमापक नव्हे. कोयनेतून किती विसर्ग सोडला, वारणेला किती पाणी आहे, राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे कधी उघडले, खाली राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी पुढे सरकते आहे, या सगळ्यांची बेरीज त्या उंबरठ्यावर येते. तिच्यातून आकाशाचा वाटा वेगळा काढायचा तर भक्ती आणि संताप दोन्ही बाजूला ठेवून हिशेबच करावा लागतो. आपल्याकडच्या राजकीय चर्चेत नेमका तो होत नाही.

या लेखात मला तपासायचे आहेत ते दोन शब्द: प्रदूषण आणि कार्बन. शिरोळ तालुक्यात, म्हणजे वाडीच्या पंचक्रोशीत, हे दोन्ही शब्द रोजच्या बोलण्यात आले आहेत. पण ते एकमेकांशेजारी उभे राहत नाहीत, एकमेकांच्या आड लपतात. ज्याला नदीच्या मळीबद्दल बोलायचे नसते तो कार्बनबद्दल बोलतो आणि ज्याला कार्बनबद्दल बोलायचे नसते तो नदीबद्दल.

आधी प्रदूषण. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९७४ साली आला. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. या कायद्यांच्या मुळाशी असलेले प्रदूषणाचे चित्र अगदी साधे आहे: एक पाइप असतो, पाइपाला मालक असतो, पाइपातून घाण येते आणि ती खालच्या माणसाला बाधते. पंचगंगेच्या बाबतीत हे चित्र खरेच आहे. कोल्हापुरात जयंती नाला, दुधाळी नाला. पुढे इचलकरंजीच्या प्रोसेसिंगचे रंगीत पाणी. वाटेत साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या. या सगळ्याच्या शेवटी तेरवाड बंधारा, कुरुंदवाड आणि वाडीचा संगम. हिवाळा-उन्हाळ्यात तेरवाडला पाणी काळे पडते, मेलेल्या माशांचा खच लागतो, जलपर्णीची चादर पसरते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. येथे कोणाला काही सिद्ध करून दाखवावे लागत नाही. नाक पुरेसे असते.

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. त्याला रंग नाही, वास नाही. तो आपण श्वासागणिक बाहेर टाकतो आणि ऊस तो पिऊनच वाढतो. शिरोळच्या शेतकऱ्याला कार्बन हा शब्द भेटतो तो माती परीक्षणाच्या कागदावर, 'सेंद्रिय कर्ब' म्हणून, आणि तिथे तो कमी असल्याची तक्रार असते. जमिनीत जो हवा तोच हवेत नको, हे त्याला पटवून देणे सोपे नाही. विज्ञानाच्या बाजूने मात्र यात कोडे उरलेले नाही. स्वीडनच्या स्वांटे अर्‍हेनियसने या वायूचे प्रमाण वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित १८९६ मध्येच मांडले होते. १९५८ मध्ये हवाई बेटावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. औद्योगिक युगाआधी २८० च्या आसपास. आज ४२० च्या वर.

अमेरिकेत या वायूला प्रदूषक म्हणावे की नाही यावर चक्क न्यायालयीन लढाई झाली. मॅसॅच्युसेट्स राज्य विरुद्ध तिथली पर्यावरण संरक्षण संस्था या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की हरितगृह वायू हे हवाविषयक कायद्याच्या व्याख्येत बसतात. त्यावर २००९ मध्ये त्या संस्थेने हे वायू जनतेच्या आरोग्याला व हिताला धोकादायक असल्याचा निर्णय दिला आणि २०२५ मध्ये त्याच संस्थेने तो निर्णय रद्द करण्याचा प्रस्ताव आणला. पॅरिस कराराचेही तसेच: एक अध्यक्ष बाहेर पडतो, दुसरा आत येतो, पहिला परतून पुन्हा बाहेर पडतो. या सगळ्या वादात विरोधकांचा आवडता मुद्दा असतो तो असा: जो वायू वनस्पतींचे अन्न आहे तो प्रदूषक कसा?

हा मुद्दा समाजमाध्यमांतून आता मराठीतही उतरला आहे आणि तो सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकू येतो. त्याचे उत्तर शोधायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. तेरवाडचा मासा विषाने मरत असेल असे आपण गृहीत धरतो. पण मळी हे विष नव्हे. साखर काढून घेतल्यावर उरलेला, गोडवा शिल्लक असलेला पदार्थ तो. जनावरांच्या खाद्यातही मिसळतात. डिस्टिलरीच्या मळीमिश्रित पाण्यातही प्रामुख्याने सेंद्रिय पदार्थच असतात. ते नदीत गेले की त्यांच्यावर जिवाणूंची मेजवानी सुरू होते आणि ते खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासा मरतो तो गुदमरून. म्हणजे नदीला मारणारी गोष्ट अन्नच असते, फक्त नको त्या ठिकाणी, नको तितकी. अन्न आणि प्रदूषक हे पदार्थाचे दोन वर्ग नाहीत. ठिकाण आणि प्रमाण यांवरून एकच पदार्थ दोन्ही ठरतो. ज्या तालुक्याने हे दरवर्षी पाहिले आहे त्या तालुक्यात 'झाडांचे अन्न' हा युक्तिवाद टिकायला नको होता.

अर्थात ही तुलना एका जागी थांबते. मळी सोडणे थांबवले तर एकदोन पावसाळ्यांत नदी सावरू शकते. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके तिथेच राहतो आणि तो कोणत्या पाइपातून आला हे नंतर ओळखता येत नाही. म्हणून त्याचे राजकारण वेगळ्या वळणाने गेले.

भारताच्या बाजूने या राजकारणाची भाषा घडवणारे पहिले महत्त्वाचे लेखन म्हणजे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांची १९९१ सालची पुस्तिका. त्याआधीच्या वर्षी वॉशिंग्टनच्या एका संस्थेने देशवार उत्सर्जनाची यादी काढून भारताला मोठ्या दोषींत बसवले होते. दोघांनी त्या हिशेबाची पद्धतच उलटी केली. माणशी किती, हा प्रश्न त्यांनी विचारला. आणि पोटासाठी केलेले उत्सर्जन व चैनीसाठी केलेले उत्सर्जन यांना एकाच तराजूत तोलण्याला पर्यावरणीय वसाहतवाद म्हटले. पुढच्या वर्षी रिओ येथे झालेल्या करारातील 'सामायिक पण भिन्न जबाबदारी' या तत्त्वाला त्या वादाची पार्श्वभूमी होती. मुद्दा तेव्हा खरा होता आणि आजही खरा आहे. वार्षिक उत्सर्जनात भारत आज जगात तिसरा असला तरी माणशी कार्बन डायऑक्साइड सुमारे २ टन आणि अमेरिकेत तो १४ टनांच्या आसपास. १९९७ मध्ये क्योटो कराराच्या आधी अमेरिकन सिनेटने, विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्हीही करार मानणार नाही, असा ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी केला होता. तिथे डावे-उजवे असा भेदही उरला नव्हता.

माझी तक्रार आहे ती या मुद्द्याच्या देशांतर्गत वापराबद्दल. माणशी सरासरीचा न्याय जिनिव्हा-ग्लासगोपर्यंत जातो आणि मुंबईच्या विमानतळावर उतरला की संपतो. ग्रीनपीसच्या भारतीय शाखेने २००७ मध्ये 'गरिबांच्या आड लपणे' अशा अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल काढला तेव्हा नेमके हेच दाखवले होते. दोन टनांच्या त्या सरासरीत वातानुकूलित बंगलाही आहे आणि दिवाळीनंतर बीडहून शिरोळच्या फडात येणारे, पाचटाच्या खोपीत राहणारे ऊसतोड कुटुंबही आहे. त्या कुटुंबाचे उत्सर्जन जवळजवळ शून्य. पण जगापुढे भारताची कैफियत मांडताना साक्षीला त्यालाच उभे करतात. २०२१ मध्ये ग्लासगोला पंतप्रधानांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्याची घोषणा केली. ती कोणाच्या वाट्याला किती येणार याबद्दल ना सत्ताधाऱ्यांनी संसदेत गंभीर चर्चा घडवली, ना विरोधकांनी ती मागितली. आपल्या राज्यात पर्यावरण खात्याच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द आले, हा मात्र तातडीने झालेला बदल.

आता पुराकडे येऊ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे. २०२१ च्या जुलैमध्ये ती ५६ फुटांच्या वर गेली. २००५ चा महापूर जुनी माणसे 'असा पुन्हा नाही' म्हणून सांगत, तो या दोघांनी मागे टाकला. कारण काय, यावर दोन उत्तरे सर्वाधिक बोलली गेली. एक, अलमट्टी. दुसरे, हवामानबदल किंवा त्याचे सभेतले रूप, ढगफुटी.

अलमट्टीचा वाद खरा आहे. कृष्णा पाणीवाटपाच्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कर्नाटकाला मुभा दिली आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फुगवट्याची भीती सांगली-शिरोळच्या लोकांनी उगाच बाळगलेली नाही. ज्याच्या घरात दोनदा छतापर्यंत पाणी आले त्याला भीतीचा हिशेब मागणे असभ्यपणाचे. पण २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात, त्या पुराला अलमट्टी आणि हिप्परगी जबाबदार नाहीत, असे म्हटले. भर दिला तो अतिवृष्टीवर आणि नदीच्या पात्रातील-पूररेषेतील अडथळ्यांवर. या अहवालाचे झाले काय? तो खोडून काढणारा दुसरा जलशास्त्रीय अभ्यास राजकीय पक्षांनी पुढे आणला असता तर मी त्याचे स्वागत केले असते. तसे न करता अहवाल बाजूला ठेवून सभा सुरू राहिल्या. २०२५ मध्ये उंचीविरोधात सर्वपक्षीय एकजूट झाली, अंकली पुलावर रास्ता रोको झाला. एकजूट चांगलीच. मात्र सर्व पक्ष एखाद्या कारणावर इतक्या सहज एक होतात तेव्हा ते कारण सर्वांनाच सोयीचे नाही ना, हे पाहिले पाहिजे. अलमट्टी कर्नाटकात आहे. तिथे आपल्या कोणाचा मतदारसंघ नाही.

हवामानबदल हे कारणही तसेच सोयीचे. अलमट्टी दोष शेजारी नेते, हवामानबदल तो आभाळात नेतो. त्याची छाननी कोणी करत नाही म्हणून थोडी येथे करतो. हवा एक अंशाने तापली तर ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या मूल्यमापनानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. ढोबळ गुणाकार केला तर बाष्प पाचेक टक्क्यांनी वाढले. एवढ्याने कोरडा आठवडा महापुराचा होत नाही. पण पाऊस सरासरीने पडत नाही. तो झोडपून पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट आहेत. तो पट्टा मध्य भारताचा आहे, कोल्हापूरचा नाही, हे उद्धृत करणारे बहुतेक जण विसरतात. तरीही अरबी समुद्र आपलाही आहे, आणि गगनबावडा-राधानगरीच्या डोंगराला आदळणारे वारे तिथूनच येतात. तेव्हा कार्बनचा पुराशी संबंध आहे, असे जबाबदारीने म्हणता येते. २०१९ चा पूर कार्बनने आणला, असे म्हणता येत नाही.

हा संबंध जिथे प्रत्यक्ष कागदावर उतरायला हवा ती जागा भाषणात नाही, जलसंपदा विभागाच्या नकाशावर आहे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. आता '२५ वर्षांतून एकदा' हे येते कोठून? मागच्या नोंदींवरून. मागचे पाऊसमान पुढेही तसेच राहील, या गृहीतकावर ती रेषा उभी आहे. अतिवृष्टीचा स्वभाव बदलत असेल तर गृहीतक ढासळते आणि रेषा नदीपासून लांब सरकवावी लागते. १७ वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या जिल्ह्यात हवामान धोरण म्हणून पहिला वाद या रेषेवर व्हायला हवा होता. वाद होतो तो रेषा नदीकडे सरकवण्यासाठी. भूखंडाची किंमत, गुंठेवारी, मंगल कार्यालये, महामार्गाचा शिरोलीजवळचा भराव, या सगळ्यांची उत्तरे कोल्हापुरातच द्यावी लागतात. म्हणून ती अलमट्टीइतकी लोकप्रिय होत नाहीत. ग्लासगोच्या घोषणेवर टाळ्या देणारा आणि तिची टिंगल करणारा, दोघेही निळ्या रेषेपाशी आले की एकाच बाजूला उभे असतात, हे मला या जिल्ह्याच्या राजकारणाचे सर्वांत प्रामाणिक चित्र वाटते. सह्याद्रीच्या माथ्यावरही तेच. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याची सहावी आवृत्ती २०२४ मध्ये निघाली.

आणि आता इथेनॉल. कारण कार्बन आणि मळी हे दोन्ही शब्द एकाच टाकीत भेटतात ते इथे.

राष्ट्रीय जैवइंधन धोरण २०१८ मध्ये आले. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० साठीचे लक्ष्य पुढे २०२५-२६ वर आणले गेले. परकीय चलन वाचेल, शेतकऱ्याला दर मिळेल, कार्बन कमी होईल, असे तीन लाभ सांगितले गेले. पहिल्या दोघांबद्दल वाद घालण्याचे मला कारण नाही. उसाच्या पट्ट्यात कारखान्याच्या हाती वेळेवर पैसा आला तर शेतकऱ्याचे बिल वेळेवर निघते, हे साधे सत्य शहरी पर्यावरणवाद्यांच्या लिखाणातून फार वेळा निसटते. तिसरा लाभ तपासू.

आंबवण्याच्या क्रियेत साखरेचे निम्म्याच्या आसपास वजन इथेनॉल होते आणि निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड: ९२ ग्रॅम इथेनॉलमागे ८८ ग्रॅम. इथेनॉल इंजिनात जळते तेव्हा आणखी निघतो. तरी याला शून्य मानतात, कारण हा सारा कार्बन उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. हे मानणे तत्त्वतः बरोबर आहे. पण ऊस नुसत्या हवेवर वाढत नाही. त्याला युरिया लागतो, युरियाला नैसर्गिक वायू लागतो आणि शेतात टाकलेल्या युरियाचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. मोटारीला वीज लागते, ती अजून बव्हंशी कोळशाची. पाचट पेटवले तर त्याचा धूर वेगळाच. हे सगळे वजा केल्यावरही काही लाभ उरतो, विशेषतः मळीपासून केलेल्या इथेनॉलमध्ये आणि बगॅसवर चालणाऱ्या कारखान्यात. किती उरतो हे शेतीच्या पद्धतीवर ठरते, आणि शेतीच्या पद्धतीबद्दल धोरण काही विचारत नाही.

दुसरा प्रवाह पाण्याचा. मळीपासून एक लिटर अल्कोहोल करताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश तयार होतो. जिवाणूंना खायला लागणारा प्राणवायू या मापाने पाहिले तर तो घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटीहून तीव्र असतो. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या अति प्रदूषणकारी १७ उद्योगांत डिस्टिलरी आहे ती म्हणूनच. नियमाप्रमाणे यातला थेंबही नदीत जायचा नाही. तो आटवायचा, जाळायचा किंवा खतात मुरवायचा. चांगली यंत्रणा बसवून हे करणारे कारखाने आहेत. ती यंत्रणा महाग असते, चालवायला इंधन खाते, आणि गळीत हंगामातल्या एखाद्या रात्री ती बंद पडली तर नदी जवळ असते. अशा वेळी उपयोगी पडते ती लोकांची नजर आणि जनसुनावणी. पण २०२१ मध्ये केंद्राने मिश्रण कार्यक्रमासाठीच्या काही इथेनॉल प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच्या अशा गटात टाकले की जिथे जनसुनावणी लागत नाही. कारण दिले गेले ते धोरणाच्या निकडीचे. कार्बन या शब्दाने प्रदूषण या शब्दाला दाराबाहेर उभे केले, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

जवळ जाणारे आहे. २१ मार्च २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमांत वाचला. ऐतिहासिक म्हणून त्याचे कौतुक झाले. तो निकाल होता माळढोकाच्या प्रकरणात, आणि त्याने सौरऊर्जेच्या वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचा २०२१ चा सरसकट आदेश सैल केला. हक्क मिळाला माणसाला, बिल गेले पक्ष्याला.

इथेनॉलच्या धोरणात हवामानाचे वजन खरे किती, याचे उत्तर सरकारनेच ७ डिसेंबर २०२३ रोजी दिले. पाऊस कमी झाला, साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसली, लोकसभेची निवडणूक चारपाच महिन्यांवर होती; तेव्हा उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर त्या हंगामापुरती बंदी आली. कारखान्यांनी कर्जे काढून यंत्रसामग्री उभारलेली होती. आठवडाभरात १७ लाख टन साखरेइतकी मर्यादित मुभा मिळाली, बंदी पुढच्या वर्षी उठली. या सगळ्या घडामोडीत कार्बन हा शब्द ना बंदी घालणाऱ्यांनी उच्चारला, ना तिला विरोध करणाऱ्यांनी. ग्राहकाला साखर कितीला आणि शेतकऱ्याला ऊस कितीला, एवढाच वाद होता. तो वाद रास्त होता. पण मग ते साखरेच्या दराचे धोरण आहे असे म्हणावे.

शिरोळमध्ये याला आणखी एक पीळ आहे. ऊसदरासाठी जयसिंगपूरची ऊस परिषद भरवणारी चळवळ आणि पंचगंगेच्या काळ्या पाण्याविरुद्ध रस्त्यावर येणारी चळवळ ही बहुतांशी तीच माणसे आहेत. उपपदार्थांच्या उत्पन्नात वाटा मागायचा आणि उपपदार्थांचे पाणी अडवायचे, या दोन्ही मागण्या एकाच तोंडून निघतात. बाहेरच्या टीकाकाराला यात दांभिकपणा दिसतो. मला दिसत नाही. सहकारी कारखान्याचा सभासद हा एकाच वेळी मालक, पुरवठादार आणि खालच्या अंगाचा रहिवासी असतो. त्याच्या मागण्या परस्परविरोधी असणारच. दोष द्यायचा तर तो या तिन्ही भूमिका एका टेबलावर आणणारी सभाच कुठे भरत नाही याला. वार्षिक सर्वसाधारण सभेत दराचा ठराव येतो, स्पेंट वॉशच्या नोंदवहीचा येत नाही.

याच तालुक्यात हवामानाचे नावही न घेता झालेले एक काम आहे. जादा पाणी आणि खताने क्षारपड झालेली जमीन सच्छिद्र पाइपांच्या निचऱ्याने पुन्हा लागवडीखाली आणण्याचा प्रकल्प शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने राबवला. जमीन सुधारली तर तिच्यातला सेंद्रिय कर्ब वाढवण्याची निदान शक्यता तयार होते, आणि पुरात बसलेली जमीन लवकर वाफशावर येते. कार्बनच्या बाजारात याची किंमत काय, हे विचारायला हवे. आणि पाइपांतून निचरलेले खारे पाणी ज्या ओढ्याने नदीला मिळते त्याचे काय, हेही. दुसरा प्रश्न मी चळवळीच्या व्यासपीठावर अजून ऐकलेला नाही.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाने जोडायच्या स्थळांत नृसिंहवाडी आहे. आखणीच्या वेळी लांबी ८०२ किलोमीटर सांगितली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा विरोध झाला, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर जिल्ह्यातले भूसंपादन रद्द करण्याची अधिसूचना निघाली आणि निवडणुकीनंतर, २०२५ मध्ये, मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मंजुरी दिली. रस्त्याच्या समर्थकांनी प्रवासाचा वेळ आणि वाचणारे इंधन यांचे आकडे दिले आहेत. विरोधकांनी पुराच्या पाण्याला आडवा येणारा भराव दाखवला आहे. वाडीच्या दक्षिणदारातून बाहेर पडलेले पाणी पुढे राजापूरकडे जायला जितकी जागा आज आहे तितकी तो भराव ठेवील का, हे सांगणारा अभ्यास दोन्ही बाजूंच्या कागदांत माझ्या पाहण्यात आलेला नाही.